उलटा शिवलेला जोडा: चामड्याचं काम घरी कसं सुरू करावं

चामड्याचं काम शिकायचं म्हटलं की बहुतेक जण पाकीट नाहीतर कमरेचा पट्टा करायला घेतात. मी सांगेन, थेट जोडा शिवा, आणि तोही मध्ययुगीन युरोपात शिवायचे तसा: आतली बाजू बाहेर ठेवून शिवायचा, मग भिजवून सुलटा करायचा. त्याला मशीन नको, खिळे नकोत, फर्मा (पायाच्या आकाराचा साचा) नसला तरी भागतं. चांगलं चामडं, आरी (भोकं पाडायचं टोकदार हत्यार) आणि पाण्याची जाण मात्र हवी. चामड्याला पाणी कधी द्यायचं आणि कधी त्याच्या जवळ फिरकू द्यायचं नाही, हे गोव्यात राहणाऱ्याला पहिल्या पावसाळ्यातच शिकावं लागतं.

ही पद्धत युरोपात काही शतकं चालली. साधारण १५०० च्या सुमारास तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये पट्टी घालून शिवलेले बूट पुढे आले. म्हणजे १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात उतरले तेव्हा त्यांच्याकडे जोडे शिवायची रीत बदलत होती. तिकडे उत्खननात चिखलातून जुने जोडे निघतात, ते बहुधा सुटे तुकडे असतात. चामडं टिकतं, पण लिननचा दोरा कुजून जातो. अभ्यासक मग भोकांवरून शिवण ओळखतात: भोक चामड्याच्या आरपार गेलंय की कडेतून बाहेर आलंय. आपल्यालाही ते कडेतून निघणारं भोक पाडायला शिकायचं आहे.

आधी चामडं. हिरडा, बाभळीची साल अशा झाडपाल्याने कमावलेलंच घ्या. कोल्हापुरी चपलेचं चामडं हेच. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकाचे चार, बेळगावही त्यात आलं. आम्हा डिचोलीकरांना चोर्ला घाट चढला की तो मुलूख लागतो. दुकानात एक थेंब पाणी टाकून बघा. थेंब जिरून डाग गडद झाला तर चामडं कामाचं. वर मोत्यासारखा बसून राहिला तर ते बहुतेक क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, किंवा वर थर दिलेलं. भिजवून आकार घ्यायच्या कामाला ते नको. वरच्या भागाला दीड ते दोन मिलिमीटर जाडी पुरे, तळाला तीन ते चार.

हत्यारं थोडकीच: रापी (चामडं कापायची सुरी), आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण, खाली घ्यायला लाकडी पाट. लिननच्या दोऱ्याचे तीन-चार पदर पिळून मेणावरून ओढून घ्या. जुने कारागीर मेणात राळ मिसळायचे, म्हणजे टाका भोकात घट्ट धरतो. सुईच्या जागी दोऱ्याच्या टोकाला ते डुकराचा राठ केस जोडत.

चामडं कापायच्या आधी आठवडाभर फक्त टाका घाला. वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवा, कडेपासून चार मिलिमीटरवर रेघ मारा, पाच-पाच मिलिमीटरवर खुणा करा आणि त्यांवर आरीने भोकं पाडा. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्या आणि दोन्ही टोकांना सुई लावा. पहिल्या भोकातून दोरा मधोमध ओढून घ्या. पुढच्या भोकात आधी डावी सुई, मग त्याच भोकात उजवी. दुसरी सुई घालताना पहिला दोरा थोडा मागे ओढून धरा, नाहीतर सुई दोऱ्यातच घुसते. मग दोन्ही हातांनी सारख्या जोराने ओढा. क्रम एकदाही बदलू नका. बदलला की तेवढा एकच टाका वेगळा कलतो आणि नजर सारखी तिथेच जाते. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे सैल पडत जातात. इथे दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून जातात, म्हणून बाकीची शिवण धरून राहते.

आरी धरायला मी म्हापशाच्या बाजारात बसणाऱ्या एका चर्मकार काकांकडे शिकलो. मी आरी रेटत होतो. ते म्हणाले, “बाबू, मनगट वळव. खांदा कशाला लावतोस?” तेवढ्या एका वाक्याने माझा महिना वाचला. असं कुणाकडे शिकायला गेलात तर त्यांच्या वेळेची मजुरी आधी ठरवा आणि द्या. ज्या कामापायी या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या कडेला ठेवलं, ते आज आपण हौसेने शिकतो आहोत. विद्या फुकट मागायचा आपल्याला अधिकार नाही.

आता माप. जुना मोजा घालून त्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळा, तळव्याची कड आणि घोट्याखालची रेघ पेनाने आखा, मग कापून सपाट करा. दोन्ही पायांचं माप वेगळं घ्या. मध्ययुगातही डावा-उजवा वेगळाच असायचा. शिवणीसाठी सहा मिलिमीटर जास्त ठेवा आणि आधी जाड कापडाचा एक जोडा शिवून पायात घालून बघा. हा टप्पा गाळलात तर पुढे चामडं वाया जातं.

तळ शिवणं हे खरं कसबाचं काम. तळाची मांसाकडची बाजू वर ठेवा. कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत आरी तिरकी घाला आणि ती कडेच्या जाडीतून, मधोमध बाहेर काढा. जमिनीकडच्या बाजूला भोक दिसता कामा नये, कारण तिथला टाका चालून चालून झिजतो. वरचा भाग उलटा करून चवडा, टाच आणि दोन्ही बाजू अशा चार ठिकाणी कच्चा टाका घ्या, मग सलग शिवत जा. चवड्याकडे वरचं चामडं जास्त भरतं, ते टाक्या-टाक्यात थोडं थोडं खपवायचं. चुणी एकाच जागी पडू देऊ नका.

शिवून झालं की जोडा साध्या पाण्यात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. गरम पाणी मुळीच नको, चामडं आखडतं. मग लाटण्याच्या गोल टोकाने चवडा आतून ढकलत जोडा सुलटा करा. जोर लागतो, शिवण कुरकुरते, आणि मग अचानक तळ वळतो. ओलं चामडं लोखंडाला टेकू देऊ नका, काळे डाग पडतात. हिरड्याची शाई ज्यामुळे काळी होते, त्यामुळेच.

ओला जोडा पायात घालून घरात थोडं चाला, मग आत चिंध्या भरून सावलीत, वाऱ्याला ठेवा. माझा पहिला जोडा मी मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवला होता. संध्याकाळी तो वाळवणातल्या पापडासारखा कडक झाला, आणि पाय घातल्यावर चवड्यापाशी तडकला. सावलीत दोन-तीन दिवस लागतात, ते लागू द्या. किंचित दमट असतानाच हाताने हलकं तेल चोळा, थोडंच.

जूनपासून हे काम बंद ठेवलेलं बरं. हवेतच एवढा ओलावा असतो की भिजवलेला जोडा सुकायच्या आधी बुरशी धरतो. उरलेलं चामडं प्लास्टिकमध्ये कोंडू नका, सुती पिशवीत घालून वर टांगा आणि आठवड्याला एकदा हात फिरवून बघा. पांढरी बुरशी दिसली तर उंबऱ्याबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा. त्या दिवसांत टाक्यांचा सराव करा आणि कापडाचे नमुने शिवा. चतुर्थी होऊन पाऊस ओसरला, हवा कोरडी झाली, की चामडं भिजवायला घ्या.