फायबरच्या विमानाची आतली बाजू रंगवताय? या चुका टाळा

बाहेरचा रंग चारचौघांना दिसतो, म्हणून त्यावर महिनोन्‌महिने घासाघाशी चालते. आत मात्र शेवटी घाई होते आणि डब्यात उरलेला रंग फासून मोकळं होतात. घरी बांधायच्या विमानांचे अमेरिकी डिझायनर बर्ट रुटान यांच्या 1970 च्या दशकातल्या व्हेरीइझ आणि लाँग-ईझीसारख्या, फोमवर काचेचं कापड आणि इपॉक्सी (सेट होऊन कडक होणारं रेझिन) चढवून बांधलेल्या विमानांत बहुतेक कटकटी तिथूनच सुरू होतात. आपल्याकडं पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचं, तर त्यात उन्हाळा आणि पावसाळ्याची भर.

न धुता घासायला बसणं

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लेअप केला, म्हणजे इपॉक्सीत भिजवलेलं कापड चढवलं, की काही हार्डनर (इपॉक्सी कडक करणारी रसायनं) हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरतात आणि वर मेणचट थर येतो. डोळ्याला तो दिसेलच असं नाही. पाण्याचा थेंब टाकून बोटानं चोळा. साबणासारखं बुळबुळीत लागलं, तर थर आहे. घासायच्या पेपरवर लगेच पांढरट गोळ्या धरायला लागल्या, तरी तेच समजा.

थिनरनं पुसून तो जात नाही, नुसता पसरतो. न धुता पेपर मारला तर ओरखड्यांत आणखी खोल बसतो. उपाय अगदी साधा: स्वच्छ पाणी, हिरवी घासणी, पांढरं फडकं. पाणी बदलत दोनदा धुवा, पूर्ण वाळू द्या, मगच पेपर घ्या. लेअपवर पील प्लाय (सेट झाल्यावर सोलून काढायचं कापड) घातलं असेल, तर हा थर बहुतेक त्याच्याबरोबरच सोलून निघतो. ते काही फार महाग नाही, घालाच.

रंग मारून झालाय आणि नख लावलं की पापुद्रा सुटतोय? मग वरून आणखी एक हात मारून भागणार नाही. सुटतोय तेवढा काढा, धुवा, घासा आणि नव्यानं अस्तर द्या. पेंट रिमूव्हर मात्र अजिबात नको, ते रंगाबरोबर खालचं इपॉक्सीही खातं. हीट गनचंही तसंच, रंग सुटायच्या आधी रेझिन मऊ पडतं.

घासतानाही हात आखडता ठेवा. चमक गेली की थांबायचं. कापडाचे धागे कापले, तर तिथली ताकदच कमी होते. आतली वीण दिसते म्हणून लांबी (पुट्टी) भरून आरशासारखं गुळगुळीत करणारेही असतात. मला ते पटत नाही, फुकटचं वजन आहे ते. ठिपक्यांचा रंग मारा, वीण आपोआप झाकते. बाहेर आलेले काचेचे काटे मात्र एकूण एक घासून काढा, नाहीतर सीटखाली हात घातला की रक्त येणारच.

आधी रंग, मग ब्रॅकेट

वायरिंगचे टेकू, ट्रिमची पट्टी, पंपाची बैठक हे सगळं चिकटवायचं असतं इपॉक्सीला. खाली रंग असेल तर ते रंगाला चिकटतं आणि रंगासकट निघून येतं. चिकटवाचिकटवी संपेपर्यंत थांबा, किंवा त्या जागा टेप लावून कोऱ्या ठेवा. टेप त्याच दिवशी काढायचा. मेच्या उन्हात चार दिवस राहिला, तर त्याचा डिंक खरवडण्यात रविवार जातो.

आणखी एक. काचेच्या लेअपमधून बॅटरीचा उजेड आरपार जातो, त्यामुळं आतला हवेचा बुडबुडा किंवा सुटलेला थर पांढरा दिसतो. रंग चढला की ही सोय संपली. म्हणून आधी कोपरान्‌कोपरा तपासा, फोटो काढा, तपासणी करणाऱ्यालाही दाखवून घ्या.

काळा रंग आणि कोरं इपॉक्सी

परभणी-नांदेडकडं मेमध्ये पारा 43-44 ला टेकतो. बंद कॅनॉपीखाली (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाखाली) त्याहून कितीतरी जास्त. साध्या हवेत सेट झालेली बरीच इपॉक्सी 60 ते 80 अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागतात (तुमच्या रेझिनचा आकडा डेटाशीटवर बघा), आणि ऊन थेट पडणारा काळा भाग तिथवर सहज पोचतो. पुढच्या काचेवर चमक नको म्हणून डॅशबोर्डचा माथा गडद ठेवावाच लागतो. तिथं पोस्ट-क्युअर केलेलं (सेट झाल्यावर तापवून पक्कं केलेलं) रेझिन हवं, आणि विमान उभं असताना कॅनॉपीवर पांढरं कव्हर. बाकी सगळीकडं फिका राखाडी बरा.

कार्बन फायबरच्या कापडाची वीण छान दिसते म्हणून ती नुसत्या इपॉक्सीखाली उघडी ठेवायची हौस असते. उन्हानं इपॉक्सी पिवळं पडतं, मग त्याची भुकटी सुटते. वीण दाखवायचीच तर वर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट द्या.

बारीकसारीक

थिनरचा शिंतोडा ॲक्रिलिक कॅनॉपीवर पडू देऊ नका, केसासारख्या चिरा पडतात. कार्पेटचं रबर सोल्युशन उघड्या पॉलिस्टायरीन फोमला लागलं तर तिथं खड्डाच पडतो. कार्पेट वेल्क्रोनं लावा, काढून खाली बघता येतं. कार्पेट किती पटकन पेटतं ते कळायला शिल्लक तुकडा जाळून बघायलाही विसरू नका. कार्बनला ॲल्युमिनियमचं ब्रॅकेट थेट टेकवलं तर ॲल्युमिनियम सडतं, मध्ये काचेच्या कापडाचा एक थर हवा. काचेच्या कवचात तांब्याच्या पट्टीचा अँटेना पुरला असेल, तर त्या भागावर मेटॅलिक रंग नको.

राहिलं वजन. रंगाचा डबा कामाआधी आणि नंतर काट्यावर ठेवा. थिनर उडून जातं, त्यामुळं विमानावर त्या फरकापेक्षा कमीच राहतं, पण अंदाज येतो. विमानाचं अंतिम वजन आणि गुरुत्वमध्य मात्र रंग वाळून, सीट-कार्पेट बसवल्यावरच काढा. रंगाआधीचा कागद पुढं करून उड्डाणाला जाऊ नका.