जर्नल क्लबमध्ये पेपर मांडायचाय? आधी ‘एन’ शोधा

एम.एस्सी.ला जर्नल क्लबची, म्हणजे एकेकाने एक संशोधन पेपर सगळ्यांसमोर मांडून त्यावर चर्चा करायच्या बैठकीची, यादी लागली आणि त्यात आपलं नाव दिसलं, की पहिली धाव सीनियरच्या जुन्या पीपीटीकडे असते. ती मागू नका. त्या पीपीटीत दुसऱ्याचा पेपर असतो, दुसऱ्याची समज असते आणि ज्याचं उत्तर त्यालाही आलं नव्हतं असा एखादा आलेख हमखास असतो.

तारखेच्या निदान दहा दिवस आधी पेपर ठरवा. मूळ संशोधनाचा पेपर घ्या, रिव्ह्यू (इतरांच्या संशोधनाचा आढावा) नको, कारण रिव्ह्यूत तपासायला लेखकाचा स्वतःचा डेटा नसतो. मुख्य आकृत्या चार ते सहा असाव्यात आणि त्यातल्या दोन तरी पद्धती तुम्ही प्रॅक्टिकलला हाताळलेल्या असाव्यात. नावाजलेल्या जर्नलचा मोह पहिल्या वेळी टाळलेला बरा. तिथे एकेका आकृतीत दहा पॅनेल (छोटे आलेख किंवा चित्रं) असतात आणि निम्मं काम सप्लिमेंटरीत, म्हणजे वेगळ्या जोडलेल्या पुरवणीत, दडलेलं असतं. काही गाईड ‘तेवढंच शिकेल’ म्हणून मुद्दाम अवघड पेपर हातात देतात. मला ते अजिबात पटत नाही. पहिल्या खेपेला असा पेपर मिळाला की मुलं तो पाठ करतात, आणि पाठ केलेलं पहिल्या प्रश्नालाच कोसळतं.

पेपर मिळवण्याची अडचण आता पूर्वीइतकी नाही. डॉक्टर विल्यम ऑस्लरने १८७५ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जर्नल क्लब सुरू केला, त्यामागेही महागडी जर्नल्स एकट्याला परवडत नाहीत हेच कारण होतं. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली सरकारी विद्यापीठं आणि महाविद्यालयांसाठी तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स खुली झाली आहेत. आपल्या सोलापूर विद्यापीठात असाल तर ग्रंथालयात लॉगिनची चौकशी करा. खासगी कॉलेजात असाल तर मोफत वाचता येणाऱ्या पेपर्ससाठी पबमेड सेंट्रल आणि अनपेवॉल बघा, किंवा पत्रव्यवहारासाठी दिलेल्या लेखकाला दोन ओळींची मेल टाका. पुष्कळ लेखक आनंदाने पीडीएफ पाठवतात. पेपर हाती आला की पाच मिनिटं काढून तो मागे घेतलेला नाही ना हे रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्ये तपासा आणि पबपीअर या पेपरांवर चर्चा होणाऱ्या साइटवर त्याबद्दल कुणी काही लिहिलंय का पाहा. भर वर्गात हे दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपल्याला आधी कळलेलं बरं.

वाचताना ॲबस्ट्रॅक्ट एकदा बघून बाजूला ठेवा. आधी आकृत्या आणि त्यांच्या खालचा मजकूर, मग मेथड्स, मग रिझल्ट्स. डिस्कशन सर्वांत शेवटी, कारण ते लेखकाचं वकीलपत्र असतं.

आता खरा सापळा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण चांगले अभ्यासू विद्यार्थी इथेच गारद होतात. प्रश्न साधा असतो: ‘यात एन किती?’ एन (n) म्हणजे नमुन्यांची संख्या. विद्यार्थी आकृतीखालचा आकडा वाचतो, ‘तीस, सर.’ पुढचा प्रश्न येतो, ‘तीस काय?’ आणि खोली शांत होते.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. डाळिंबावरच्या तेल्याचा, म्हणजे झँथोमोनास जिवाणूमुळे येणाऱ्या रोगाचा, एक काल्पनिक प्रयोग आहे असं समजा. तीन झाडांवर नवं औषध फवारलं, तीन झाडांवर नुसतं पाणी. प्रत्येक झाडाची दहा फळं घेऊन किती भागावर डाग पडले ते मोजलं. दोन्ही गटांत तीस-तीस मोजमापं झाली, म्हणून एन तीस? नाही. एन तीन. फवारणी झाडावर झाली, फळावर नाही. एका झाडाच्या दहा फळांना मूळ तेच, पाणी तेच, सावली तीच, आणि पावसाचे थेंब एका फळावरचे जिवाणू शेजारच्या फळावर उडवतात. ती दहा फळं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण एकाच भांड्यातली दहा शितं चाखून दहा भांड्यांचा निकाल देता येत नाही.

म्हणून नियम असा: उपचार ज्याला स्वतंत्रपणे दिला, ते एकक. मोजलं कशावर हा वेगळा प्रश्न. फळं तोडून आणली, चिठ्ठ्या टाकून कुठल्या फळाला कुठला उपचार ते ठरवलं आणि प्रत्येक फळावर वेगळा उपचार केला, तर फळ हे एकक होऊ शकतं. लेखक दर वेळी चुकलेलाच असतो असं नाही. झाड हे एकक असेल तर प्रत्येक झाडाची सरासरी काढून त्या सरासऱ्यांची तुलना करतात, किंवा मिक्स्ड मॉडेल या संख्याशास्त्रीय पद्धतीत झाडाचा परिणाम वेगळा धरतात. मेथड्समध्ये यातलं काही दिसलं तर लेखकाने काळजी घेतली आहे, आणि तुम्ही तसं सांगायलाही हवं.

काहीच लिहिलेलं नसेल तर डिग्रीज ऑफ फ्रीडमचा, म्हणजे एनवरून ठरणारा, आकडा शोधा. दोन्ही गटांत तीस-तीस धरून दोन सरासऱ्यांची तुलना करणारी साधी टी टेस्ट केली असेल तर तो ५८ येतो. झाडं धरली असती तर तीन अधिक तीन वजा दोन, म्हणजे ४ आला असता. फरक किती पडतो? पाच टक्के पातळीला ५८ साठी टीची किंमत साधारण २.०० लागते, ४ साठी २.७८. लेखकाने टी २.३ दिला असेल तर ५८ धरून निकाल ‘सिग्निफिकंट’ (फरक निव्वळ योगायोगाचा नसावा असा), तोच २.३ चारच्या रकान्यात बसवला तर नाही. खरं तर झाडांच्या सरासऱ्या घेतल्या की टीसुद्धा बदलतो, पण धोका कुठे आहे हे दाखवायला एवढं पुरे.

प्रयोगशाळेतही हेच. एक कल्चर (वाढवलेले जिवाणू किंवा पेशी) तीन वेल्समध्ये, म्हणजे प्लेटमधल्या खळग्यांत, ओतलं तर ती टेक्निकल रेप्लिकेट्स. त्यातून तुमचा पिपेट किती स्थिर आहे ते कळतं, जीव कसा वागतो ते नाही. तीन वेगळ्या दिवशी वेगळी वाढवलेली कल्चर्स, ती बायोलॉजिकल.

याच सापळ्याचा धाकटा भाऊ म्हणजे एरर बार, आलेखात सरासरीच्या वर-खाली काढलेली रेघ. तो एसडीचा (मोजमापं किती विखुरली आहेत) की एसईएमचा (सरासरी किती नेमकी आहे), हे आकृतीखाली शोधल्याशिवाय ती स्लाइड करू नका. एसईएम म्हणजे एसडी भागिले एनचं वर्गमूळ. एसडी १२ असेल तर नऊ नमुन्यांना एसईएम ४ आणि छत्तीस नमुन्यांना २. छोटे, देखणे बार दिसले की हुरळून जाऊ नका. आणि एन फुगवलेला असेल तर बारही खोटाच छोटा होतो.

हे एवढं पक्कं झालं की भीती निम्मी उतरते. संख्याशास्त्राचं सगळं पुस्तक येणं गरजेचं नाही. प्रत्येक आकृतीसाठी वहीत चार गोष्टी लिहा: एकक काय, एन किती, बार कशाचा, टेस्ट कुठली. एआयकडून सारांश काढून घेणारे इथेच उघडे पडतात. सारांशात निष्कर्ष येतो, एकक बहुधा येत नाही.

स्लाइड्सबद्दल थोडक्यात. तीस मिनिटांना १२ ते १४ पुरे. पाच मिनिटं पार्श्वभूमी, चार पद्धत, बारा ते चौदा आकृत्या, तीन-चार तुमची टीका, बाकी प्रश्नांना. ए ते एच पॅनेल एकाच स्लाइडवर कोंबू नका. एका वेळी एक किंवा दोन. पीडीएफचा स्क्रीनशॉट प्रोजेक्टरवर फुटतो, जर्नलच्या पानावरून मोठी प्रतिमा उतरवा. आलेख दाखवताना आधी आडवा अक्ष, मग उभा, मग रंग, आणि त्यानंतरच निकाल. पेन ड्राइव्हवर पीपीटीसोबत पीडीएफही ठेवा, नाहीतर विभागातल्या जुन्या संगणकावर फॉन्ट आणि बाण इकडेतिकडे पळतात.

भाषेचं दडपण घेऊ नका. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड, वर्गात मराठी आणि स्लाइडवर इंग्रजी हे नेहमीचंच आहे. स्लाइड इंग्रजीत ठेवून समजावताना मराठीत बोललात तर आकाश कोसळत नाही, विभागाचा कडक नियम नसेल तर. पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा ते शंभर पटीने बरं. रंगीत तालीम मात्र दुसऱ्या विषयाच्या मित्रासमोर करा. रसायनशास्त्रवाला ‘हे का केलं?’ असं जिथे विचारतो, तिथे तुमची एक स्लाइड कमी आहे.

प्रश्न आला की आधी तो आपल्या शब्दांत परत म्हणा. निम्मे प्रश्न तेवढ्यानेच स्पष्ट होतात. पेपरमध्ये उत्तर नसेल तर ‘लेखकांनी हे दिलेलं नाही, मेथड्स आणि सप्लिमेंटरी दोन्ही पाहिलं’ असं सरळ सांगा. अंदाज करायचा असेल तर तो अंदाज आहे हे बोलून दाखवा. आणि कुठली आकृती कितव्या स्लाइडवर आहे याची चिठ्ठी हाताशी ठेवा: पॉवरपॉइंट चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं, सगळ्यांदेखत मागे-पुढे करत बसावं लागत नाही.