एकाच सेलचे दोन आकडे: पेरोव्स्काइटवर पीएच.डी.ला लागणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. फिजिक्स करून मी छत्रपती संभाजीनगरला पेरोव्स्काइटच्या (एका ठरावीक स्फटिकरचनेच्या पदार्थांच्या) सोलर सेलवर पीएच.डी.ला लागलो, तेव्हा सोलर सेल म्हणजे इलेक्ट्रॉनचं काम, एवढंच डोक्यात होतं. पहिला चालू सेल हाती आला आणि त्याचा करंट-व्होल्टेज आलेख काढला. 0 वरून 1.1 व्होल्टपर्यंत जाताना एक रेघ, परत येताना दुसरीच. कार्यक्षमताही दोन! आठवडाभर मी वायरी आणि क्लिपा तपासत बसलो. दोष तिथे नव्हताच. सेलमधल्या पेरोव्स्काइटच्या पातळ थराच्या, म्हणजे फिल्मच्या, आत आयोडाइडचे आयन (विद्युतभार असलेले अणू) जागा बदलत होते.

माझं पेरोव्स्काइट म्हणजे मिथाइल अमोनियम लेड आयोडाइड. त्याच्या स्फटिकात आयोडाइडच्या काही जागा रिकाम्या असतात. भरलेल्या एसटीत पुढचं सीट मोकळं झालं की मागचा तिथे येऊन बसतो, मग त्याच्या मागचा. माणसं पुढे जातात, मोकळं सीट मागे सरकतं. आयन असेच चालतात. इलेक्ट्रॉनचं काम नॅनो-मायक्रोसेकंदांत उरकतं, आयनांना मात्र सेकंद लागतात, कधी मिनिटं. व्होल्टेज दिलं की ते कडेला जमतात आणि आतलं विद्युतक्षेत्र झाकून टाकतात. म्हणून स्कॅनचा वेग काय होता, त्याआधी सेल अंधारात होता की उजेडात, कोणत्या व्होल्टेजवर किती वेळ धरला होता, हे सगळं वहीत लिहा. रीडिंगच्या आधी लिहा, नंतर आठवत नाही. आणि दोन्ही दिशांचे आकडे द्या. चांगला दिसणारा एकच आकडा छापणं मला तरी अप्रामाणिक वाटतं.

फिल्म करणं हे हाताचं काम आहे. पिवळसर द्रावण स्पिन कोटरवर (काच गरगर फिरवून पातळ थर पसरवणाऱ्या यंत्रावर) फिरत असताना नेमक्या क्षणी क्लोरोबेन्झीन सोडायचं, म्हणजे स्फटिक झटकन जमायला लागतात. 100 अंशांच्या हॉटप्लेटवर काच ठेवली की फिल्म तपकिरी-काळी होते. तो रंग चढताना बघायला मला अजूनही आवडतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत जमलेली कृती जुलैत फसली: सकाळी येऊन पाहतो तर कडा पिवळ्या. पिवळं म्हणजे लेड आयोडाइड, फिल्म मोडली. तेव्हापासून हवेतल्या आर्द्रतेचा आकडा रोज वहीत असतो. शिसं विषारी आहे. ग्लोव्ह्ज घाला, टाकाऊ द्रावणाची बाटली वेगळी ठेवा, बेसिनमध्ये काहीही ओतू नका.

पैशांचं म्हणाल तर नेट-सेटच्या अभ्यासाबरोबर बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

पुढचा टप्पा म्हणजे वेगवेगळ्या तापमानांना वाहकता मोजून आऱ्हेनियस आलेखाच्या (वाहकतेचा लॉग विरुद्ध 1/तापमान) उतारावरून आयनाला सरकायला लागणारी ऊर्जा काढणं. 2015 साली इंग्लंडमधल्या बाथच्या गटाने आयोडाइडसाठी गणिताने 0.58 इलेक्ट्रॉनव्होल्ट काढली होती. तुमची वेगळी आली तर लगेच घाबरू नका, आधी उतार मधेच बदलतोय का ते बघा. साधारण 54 अंश सेल्सियसला या पदार्थाची स्फटिकरचना बदलते, त्यामुळे सगळ्या बिंदूंमधून एकच सरळ रेघ ओढली की उत्तर चुकू शकतं.

मी आधी 50 अंशांवरच थांबत होतो. मग मे महिन्यात गावाकडे गेलो. बाहेर 42 अंश, आणि आमच्या गच्चीवरच्या सोलर पॅनलला हात लावला तर टेकवेना. हाच पदार्थ उद्या इथे बसवायचा तर तो रोज दुपारी ती 54 ची रेघ ओलांडणार. परत आल्यावर सगळी मोजणी 85 अंशांपर्यंत नव्याने केली.