विमानतळाला इंधन पुरवणारं पंपघर वाढवताय? या चुका टाळा

पैठण तालुक्यात आमच्या काकांनी विहिरीवरची पाच एचपीची मोटार काढून साडेसातची बसवली. पाइप तोच, जुना. पाणी पाव हिश्शानंही वाढलं नाही. बिल वाढलं, आणि तिसऱ्या दिवशी बांधाजवळचा जोड सुटला. इंधनाच्या पंपघरात शिकलेली माणसंही हेच करतात, फक्त आकडे मोठे असतात.

आधी पंप, मग हिशेब

सपाट लाइनमधून प्रवाह 20 टक्के वाढवायचा तर घर्षणापोटी दाब साधारण 40 टक्के जास्त लागतो आणि मोटारीची ताकद 65 ते 70 टक्के. तेवढा दाब जुन्या, झिजलेल्या पाइपाला झेपेल का, हे आधी तपासा. झेपत नसेल तर मोठा पंप घेऊन उपयोग नाही. वाटेत मधलं पंपघर टाका किंवा अडचणीच्या टप्प्यात जोडलाइन, म्हणजे शेजारून दुसरी समांतर लाइन, टाका.

डिझेलच्या लाइनवाल्यांना एक सवय असते. घर्षण कमी करणारं रसायन सोडायचं आणि त्याच पंपावर जास्त माल ढकलायचा. विमानाच्या इंधनात ते चालत नाही. त्याच लाइनीतून डिझेलही जात असेल तर आधीच्या खेपेतलं रसायन आणि बायोडिझेलचा अंश पुढच्या खेपेत येऊ देऊ नका. बायोडिझेलची मर्यादा किलोमागे 50 मिलिग्रॅम आहे, म्हणजे जवळपास नाहीच.

सक्शनकडे कुणी बघत नाही

पंपातून खडे भरल्यासारखा खडखडाट येतोय, दाबाचा काटा थरथरतोय? लगेच पंप उघडू नका. आधी सक्शनची, म्हणजे पंप माल ओढतो त्या बाजूची, जाळी पाहा, मग टाकीतली पातळी, मग सक्शनचा पाइप किती बारीक आहे ते. प्रवाह वाढला की पंपाला तोंडाशी जास्त दाब लागतो, आणि नेमका तेव्हाच अरुंद सक्शनमधला दाब घटतो. डिलिव्हरीची, म्हणजे माल बाहेर पडण्याची, बाजू सगळे मोठी करतात. सक्शन तसाच राहतो, आणि इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) कुरतडला गेला की दोष कंपनीला.

व्हॉल्व्ह झटक्यात बंद करणं

वेग सेकंदाला 2 मीटर असताना व्हॉल्व्ह एकदम मिटला तर लाइनमध्ये 16 बारच्या आसपास जादा धक्का बसतो. पूर्वी वेग कमी होता, तेव्हा हेच खपून गेलं. प्रवाह वाढवला की व्हॉल्व्ह बंद व्हायला लागणारा वेळ आणि धक्का सोसणारी व्यवस्था, दोन्ही नव्याने मोजा. वीज गेल्यावर पंप अचानक थांबतो, तेव्हाही असाच धक्का बसतो. आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको.

आपला मे महिना

विमानाच्या इंधनाची भडका-मर्यादा, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेते ती, किमान 38 अंश. परभणी, नांदेडला मेमध्ये सावलीतच 42 अंश. म्हणजे टाकीतल्या वाफेला ठिणगी पुरते. अर्थिंग, टाकीत भरण्याचा सुरुवातीचा मंद वेग, फिल्टरनंतर स्थिर वीज उतरायला दिलेला अर्धा मिनिट, हे कागदावर ठेवू नका. उन्हात दोन बंद व्हॉल्व्हमध्ये अडकलेला टप्पा तापून फुटतो, म्हणून तिथे जादा दाब सोडून देणारा सुटका-व्हॉल्व्ह हवा. आणि 'माल कमी भरला' म्हणून भांडण्याआधी घनता 15 अंशाला आणून हिशेब करा. 15 आणि 42 मधल्या 27 अंशांच्या फरकानं 20,000 लिटरचा टँकर सुमारे 500 लिटरनं फुगलेला दिसतो.

फिल्टर तोच ठेवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाणी वेगळं करणारा फिल्टर ठरावीक प्रवाहासाठीच बनलेला असतो. त्यापलीकडे माल ढकलला की पाण्याचे थेंब इंधनाबरोबर पुढे निघून जातात. उंचावर, उणे 40 अंशाच्या आसपास, त्याच पाण्याचा बर्फ होतो. म्हणून फिल्टरची क्षमता पंपाबरोबर वाढवा, रोज सकाळी टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी काढा, नमुना काचेत धरून पाहा: स्वच्छ, चमकदार, गढूळपणा नाही. नव्या जोडकामात तांबं किंवा गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरू नका. तांब्याचा अंश इंधनाची तापसहनशक्ती बिघडवतो.

फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक हळूहळू वाढला तर कचरा साचतोय, आतला गाळणारा घटक बदला. पण प्रवाह तोच असताना तो फरक एका रात्रीत उतरला, तर पाळीवरचा माणूस 'लाइन मोकळी झाली' म्हणेल. पंप बंद करा. घटक फाटलेला असण्याची शक्यता जास्त आहे.