पौर्णिमेला निघू नका : नेरूळ-बेलापूरहून शिडाची होडी नेताना होणाऱ्या चुका

मार्च ते मे या काळात नेरूळ किंवा बेलापूरच्या खाडीतून चार मित्र लहान शिडाची होडी घेऊन घारापुरी, करंजा किंवा मांडव्याच्या दिशेने निघतात, तेव्हा त्यांची सर्वांत मोठी चूक बहुधा दिवस ठरवतानाच झालेली असते. आधी सर्वांची सुट्टी जुळवली जाते आणि भरती-ओहोटीचे कोष्टक आदल्या रात्री पाहिले जाते.

त्यातही मोह पडतो तो पौर्णिमेचा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की पक्षातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेला हा हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि मुंबई बंदरात प्रत्यक्ष भरती बाराच्या पुढेमागे होते. म्हणजेच सकाळी सहाला निघताना आणि संध्याकाळी सहाला परतताना, दोन्ही वेळा खाडीत पाण्याऐवजी चिखल असतो. शिवाय उधाणामुळे पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, आणि त्यातील जवळपास निम्मे मधल्या दोन तासांतच ओसरत असल्याने प्रवाहाचा जोरही तेव्हाच सर्वाधिक असतो. याउलट कोणत्याही पक्षातील अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असल्याने ओढ सौम्य असते. पहाटेच्या भरल्या पाण्यावर जमिनीकडून येणारा मतलई वारा पाठीशी घेऊन ओहोटीबरोबर दक्षिणेला उतरता येते आणि दुपारनंतर चढती भरती व समुद्रावरून येणारा पश्चिम-वायव्येचा खारा वारा मिळून होडीला घरी आणतात. हा हिशेब केवळ दिवस निवडण्यासाठी वापरावा. नेमकी वेळ कोष्टकावरूनच घ्यावी.

आम्ही हे चिखलात बसून शिकलो. एका प्रतिपदेला, भरती उतरू लागून दोन तास झालेले असताना, होडी जेट्टीच्या अलीकडेच टेकली. ढकलण्यासाठी आमच्यातील एक जण खाली उतरला आणि मांडीपर्यंत रुतला. त्याला वर ओढण्यात हाताशी असलेली मोलाची दहा मिनिटे गेली आणि आमची सुटका रात्री अकरानंतर झाली. होडी टेकताच शिडे सोडावीत, सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी मधली फळी) वर घ्यावा, सर्वांनी एका बाजूला बसून होडी कलती करावी आणि वल्ह्याने आलो त्याच दिशेला रेटावे. तेवढ्याने ती सुटली नाही, तर खोल पाण्याच्या बाजूला नांगर टाकून होडीतच थांबावे. एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही : उधाणाच्या अगदी माथ्यावर उथळ जागी होडी अडकली, तर पुढच्या भरत्या दिवसागणिक कमी होत जातात आणि तिला कधीकधी पुढच्या उधाणाची, म्हणजे पंधरवड्याची वाट पाहावी लागते.

सकाळच्या संथ हवेत उभारलेले पूर्ण शीड तसेच ठेवून दुपारच्या वाऱ्यात शिरणे ही दुसरी ठरलेली चूक होय. एप्रिल-मेमध्ये दुपारी पंधरा नॉटचा वारा नवलाचा नाही, आणि तो ओहोटीच्या समोर आला की बंदराच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. शीड आखडायचे ते लाटा उठण्याआधी, जेवायला नांगरलो असतानाच. अशा लाटांत ते काम करताना हात दोनच असल्याचे प्रकर्षाने जाणवते. परतताना वारा मागून असल्याने शिडाखालची आडवी काठी अवचित दुसऱ्या बाजूला झेपावते, म्हणून ती दोरीने बांधून ठेवावी आणि गप्पा मारणाऱ्यांना डोके खाली ठेवायला सांगावे.

कोळ्यांची डोल, म्हणजे पिशवीसारखी, जाळी प्रवाहाकडे तोंड करून रोवलेली असतात. बोया किंवा खुंट दिसताच त्याच्या प्रवाहाच्या वरच्या बाजूने जाऊ नये, कारण वारा पडला तर प्रवाह होडीला थेट जाळ्यात नेतो. सुकाणू अडकलेच, तर शिडे उतरवून ते हलकेच मोकळे करावे आणि जाळे कापू नये; ते कोणाची तरी रोजीरोटी असते.

अटल सेतूखालून नौकांसाठी राखलेल्या, खांबांमधील गाळ्यातूनच जावे. न्हावा-शेव्याच्या जहाजांचा मार्ग काटकोनात, शक्य तितक्या लवकर ओलांडावा. शिडाच्या होडीला नेहमीच अग्रक्रम असतो हा समज येथे चुकीचा आहे, कारण अरुंद मार्गातून जाणाऱ्या मोठ्या जहाजाला अडथळा न करण्याची जबाबदारी नियमाने आपल्यावर येते.

जीवरक्षक जॅकेट बाकाखाली ठेवून उपयोग नाही, हे 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीच्या अपघातानंतर तरी वेगळे सांगायला नको. व्हीएचएफ रेडिओ संच संकटकाळाच्या सोळाव्या चॅनलवर असावा आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा. माणशी चार लिटर पाणीही घ्यावे. सरबत त्यात मोजू नये.

मासेमारीची बंदी 1 जूनपासून असते, म्हणून मेअखेरपर्यंत होडी पाण्यात ठेवणारे बरेच आहेत. पण तौक्ते चक्रीवादळ 2021 मध्ये 17 मे रोजीच मुंबईजवळून गेले होते. मेमधील पहिल्या उधाणाला, भर दुपारच्या चढत्या पाण्यावर होडी किनाऱ्यावर जितकी उंच नेता येईल तितकी नेऊन बांधावी. पौर्णिमा त्या कामासाठी उत्तम असते.