डाइसच्या टेबलावर चकली नको: गेम नाइटच्या खाण्यातल्या या चुका टाळा

रोल-प्लेइंग गेमच्या (म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायची, आणि डाइस म्हणजे फासे टाकून निकाल ठरवायचा) रात्री खायला काय ठेवायचं, याची पुण्यात दोन ठरलेली उत्तरं आहेत. एक म्हणजे बाकरवडी, चिवडा, चकली. दुसरं उत्साही यजमानाचं: इंटरनेटवर फोटो बघून केलेला हिरवा केक, निळं सरबत आणि ‘गॉब्लिनची बोटं’. गडबड दोन्हीकडे होते. पहिल्यात कागद खराब होतात, दुसऱ्यात बश्या भरलेल्याच परत जातात.

तेलकट बोटं आणि ओले ग्लास

यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला, आणि इतक्या वर्षांनंतरही हा खेळ मुख्यतः कागद, पेन्सिल आणि डाइसवरच चालतो. लढाई सुरू झाली की कॅरेक्टर शीटवरचे (आपल्या पात्राच्या माहितीच्या कागदावरचे) हिट पॉइंट्स, म्हणजे पात्रात किती जीव उरला त्याचे आकडे, सारखे खोडून लिहावे लागतात. तिथे चकलीच्या तेलाचं बोट टेकलं की पेन्सिल उमटत नाही आणि खोडरबर डाग पसरवत सुटतो. म्हणून चकली कितीही खुसखुशीत असली तरी खेळाच्या टेबलावर नको. चिवडा हवाच असेल तर प्रत्येकाला वेगळी वाटी आणि चमचा द्या. काही ग्रुप चॉपस्टिकने वेफर्स खातात. बघायला गंमत वाटते, पण उपाय चोख आहे. फुटाणे, मखाणे, साधा खाकरा हे त्यातल्या त्यात सुरक्षित.

चिवड्याची हळद टेबलावर पसरलेल्या खेळाच्या पांढऱ्या नकाशाला, म्हणजे मॅपला लागली आणि साबण लावला की डाग एकदम लालभडक होतो. घाबरून घासत बसू नका, साबणातल्या क्षाराने हळद लाल होतेच. साध्या पाण्याने धुतलं की पुन्हा पिवळी होईल. उरलेला पिवळेपणा उन्हाने उडतो, तेव्हा मॅप थोडा वेळ बाल्कनीत ठेवा. चिकट झालेले प्लॅस्टिकचे किंवा रेझिनचे डाइस कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावेत, उकळत्या पाण्यात टाकू नयेत.

सगळ्यात लबाड शत्रू म्हणजे थंड ग्लास. विनाइलच्या मॅपवर वेट-इरेझ मार्करने काढलेल्या रेघा पाण्याने पुसता याव्यात अशीच ती शाई असते. एप्रिलमध्ये कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये बर्फ घातलेल्या पन्ह्याचा ग्लास मॅपच्या कडेला ठेवून बघा. बाहेरून थेंब ओघळतात, बुडाखाली पाण्याचं कडं जमतं. ग्लास उचलला की किल्ल्याची तेवढी तटबंदी गायब आणि ऑर्क राक्षसांना आयतं भगदाड. मग तिथे भिंत होती की नव्हती यावर पंधरा मिनिटं वाद. दोन खेळाडूंमध्ये एक स्टूल ठेवा आणि सगळे ग्लास त्यावरच राहतील असा नियम करा. आणि खेळ सुरू व्हायच्या आधी प्रत्येक शीटचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नाव भारी, पण आत काय आहे?

‘ड्रॅगनचं काळीज’ म्हणून बशी पुढे सरकवताना मजा येते. पण समोरच्याची संकष्टी असू शकते, कुणी जैन असतं आणि कांदा-बटाटा खात नाही, कुणाला अंडं चालत नाही, कुणाचा श्रावण असतो. आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट खिचडीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात असतं, त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला उपासाचे पदार्थसुद्धा निर्धोक नाहीत. थीमच्या नावाखाली घटक लपवणं मला अजिबात पटत नाही. वर हवं ते नाव द्या, त्याच चिठ्ठीवर खाली स्पष्ट लिहा: ‘बीट, पनीर, काजू. कांदा नाही.’ आदल्या दिवशी ग्रुपवर एक मेसेज टाकून विचारलं तर हा सगळा घोळ आधीच मिटतो.

रंगाचा आणि धुराचा हट्ट

खाण्याच्या रंगाने निळा केलेला भात कुणी दुसऱ्यांदा घेत नाही. रंग हवा असेल तर पदार्थातूनच येऊ द्या: पालकाचा हिरवा, बिटाचा लाल, नाचणीचा मातकट, काळ्या तिळाचा काळा. काळ्या रंगासाठी ॲक्टिव्हेटेड चारकोल घालायची टूम आहे, ती सोडा. तो औषधं शोषून घेतो, आणि टेबलावर कोण कसली गोळी घेतं ते आपल्याला ठाऊक नसतं. निळ्यासाठी गोकर्णाची फुलं गरम पाण्यात घाला. गडद निळं पाणी होतं आणि लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं. जादूगाराच्या प्रवेशाला याहून स्वस्त इफेक्ट नाही.

धुरासाठी ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, मात्र नकोच. उणे ७८ अंशांचा तो तुकडा तोंडात गेला तर भाजल्यासारखी जखम होते. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटमध्ये माउथ फ्रेशनर म्हणून चुकून ड्राय आइस दिला गेला आणि लोक रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात पोचले. शिवाय बंद खोलीत त्याचा कार्बन डायऑक्साइड साठतो. धुराशिवायही ड्रॅगन येतो.

थीम पदार्थाच्या आकारात नसते

ही चूक दिसत नाही, म्हणून जास्त होते. कुकीला कवटीचा आकार दिला की थीम झाली असं नाही. कॅरेक्टर आत्ता कुठे आहे, तिथे तो काय खाईल, हे विचारा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत एका दिवसाच्या शिध्याची किंमत पाच चांदीची नाणी आणि वजन दोन पौंड आहे. शीटवर ‘रेशन्स’ लिहून सगळे विसरून जातात. त्या जागी खरोखर दशमी, कोरडी चटणी आणि गुळाचा खडा फडक्यात बांधून हातात द्या. दशमी प्रवासासाठीच असते, ती टिकते आणि बोटं फारशी माखत नाहीत. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, डोंगर चढून सरायीत पोचली, तर स्टू आणि पाव कशाला? सिंहगडावर मिळतं ते आणा: पिठलं-भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही. फक्त ते ब्रेकमध्ये, हात धुऊन.

हीलिंग पोशनसाठी, म्हणजे खेळातल्या जखमा भरणाऱ्या जादूच्या औषधासाठी, कोकम सरबत उत्तम. छोट्या काचेच्या बाटल्या रविवार पेठेत बोहरी आळीत शोधा, प्रयोगशाळेचे वापरलेले बीकर आणू नका. पोशनने दोन चतुष्फलक डाइसची बेरीज अधिक दोन इतके हिट पॉइंट्स परत मिळतात. पण खरी बाटली प्यायली की खेळातला फायदा, असं ठरवाल तर मर्यादाही ठरवा. नाहीतर फायटर, म्हणजे लढवय्याचं पात्र घेतलेला खेळाडू, पहिल्या तासात सहा बाटल्या रिचवेल आणि शेवटच्या लढाईत बाथरूममध्ये असेल.

चुकीच्या वेळी गरम भजी

खलनायक आपलं गुपित उघड करतोय आणि आतून हाक येते, ‘भजी गार होतायत!’ संपला प्रसंग. खाण्याचा ब्रेक लढाईच्या आधी घ्या, मध्ये नको. चार तासांच्या सेशनला सुरुवातीला काहीतरी कोरडं आणि मध्यावर एकदा जेवण पुरतं. मिसळ करायची तर मोड आलेली उसळ आणि कट आधी तयार ठेवा, ब्रेकला फक्त गरम करा, आणि पाव मोजूनच द्या. भरपेट मिसळीनंतर कोडं सोडवायला दिलं तर अर्धी पार्टी जांभया देते.

तळणारा माणूस खेळातून बाद होतो, हे लक्षात ठेवा. बऱ्याच घरांत तो माणूस म्हणजे ज्यांना खेळाशी काही देणंघेणं नाही अशा आई किंवा वहिनी असतात. तेही बंद करा. डीएमकडे, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरकडे, नकाशे, आवाज, राक्षस आणि नियम एवढं पुरे आहे. खेळ त्याच्या घरी असेल तर खाणं बाकीच्यांनी वाटून आणायचं, आणि निघताना भांडी घासूनच निघायचं.