नवीन तळं झालंय? मासे आणायच्या आधी एवढं करा

पाऊस यायच्या आधी बऱ्याच जणांचं मागच्या अंगणातलं छोटं तळं तयार होतं आणि मग पुढच्याच रविवारी मासे आणायचे असतात. मला समजतं, कारण आम्हीपण बेलापूरला रो हाऊसच्या मागे तळं केलं तेव्हा पाणी भरल्यावर तिसऱ्या दिवशीच वीस गोल्डफिश आणले, आठवड्याभरात दोन उरले. पाणी इतकं नितळ होतं की तळाचा दगडन् दगड दिसायचा आणि तरी रोज सकाळी दोन-तीन तरंगत असायचे. मुलगी उठल्या उठल्या आधी तिकडे पळायची, तिला काय सांगावं तेच सुचायचं नाही. दुकानदाराने काही विचारलंच नव्हतं, तळं किती दिवसांचं आहे, किती लिटरचं आहे, काहीच नाही. तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी तळं किती लिटरचं आहे ते काढा, अंदाजाने नको. लांबी, रुंदी, खोली फुटात मोजून गुणाकार करायचा आणि त्याला 28 ने गुणायचं. आमचं 8 बाय 5 आणि पाणी 2 फूट, म्हणजे 80 घनफूट, साधारण 2,200 लिटर. खोली दोन फुटांपेक्षा कमी ठेवू नका, उथळ पाणी एप्रिल-मे मध्ये दुपारी तापतं आणि माशांना खाली जायला थंड जागाच उरत नाही.

सिमेंटचं तळं असेल तर नव्या सिमेंटमधून चुना उतरत राहतो आणि पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) खूप वर जातो. भरायचं, चार-पाच दिवस ठेवायचं, काढून टाकायचं, ब्रशने घासायचं, असं तीन-चार वेळा. बरेच जण केळीच्या खांबाचे तुकडे करून त्यात कुजवतात, आम्हीपण केलं, पण ते कुजकं पाणी नंतर सगळं काढून टाकायला विसरू नका. शेवटी पीएचची पट्टी काय सांगते ते बघा, 7 ते 8.5 च्या मधे आलं की ठीक. लायनरचं, म्हणजे खड्ड्यात जाड प्लास्टिकसारखी शीट अंथरून केलेलं तळं असेल तर ही सगळी भानगड नाही, फक्त एकदा धुवून घ्या.

पाणी नळाचं असेल तर त्यात क्लोरिन असतंच. दोन दिवस उघड्यावर उन्हात राहिलं की ते बऱ्यापैकी उडून जातं, घाई असेल तर मासेवाल्यांकडे अँटीक्लोर मिळतं, पाकिटावर लिहिलंय तेवढंच टाकायचं. बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी चव घेऊन बघा, खाडीच्या बाजूला काही ठिकाणी मचूळ लागतं, तसं असेल तर नको. आणि नंतर पाणी कमी झालं म्हणून रात्री पाइप लावून झोपू नका प्लीज, एका रात्रीत अर्धं तळं नळाच्या पाण्याने भरलं तर सकाळी मासे गेलेले असतात. एका ड्रममध्ये दोन दिवस मुरलेलं पाणी ठेवायचं आणि त्यातलंच टाकायचं.

आता मुख्य मुद्दा, आणि आमचे मासे ज्याने गेले तो. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडतो, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून पण अमोनियाच होतो, आणि तो दिसत नाही, नितळ पाण्यात पण असतो. जुन्या तळ्यात दगडांवर, फिल्टरच्या स्पंजमध्ये, झाडांच्या मुळांवर बॅक्टेरिया बसलेले असतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात जे झाडं खातात. नव्या तळ्यात हे कोणीच नसतं आणि त्यांना वसायला आपल्या उकाड्यात पण तीन ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस फिल्टर आणि पंप चालू ठेवायचा, झाडं लावायची, वेखंड, कर्दळ, एखादी कुंडीतली कुमुदिनी, पाण्याखाली हायड्रिला. जलपर्णी मात्र चुकूनही नको, दोन महिन्यांत पाणीच दिसत नाही. ओळखीत कोणाचं जुनं तळं किंवा टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागून आणा, ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये टाका, नळाखाली धुऊ नका, याने काम खूप लवकर होतं. माझ्या मते बाटलीतल्या कुठल्याही औषधापेक्षा हे बरं.

पण मग प्रश्न येतो डासांचा, कारण रिकामं तळं महिनाभर ठेवलं तर अंड्यापासून डास व्हायला इथे 7 ते 10 दिवस पुरतात, आणि डेंग्यूच्या दिवसात शेजारी पण ऐकणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. यासाठी क्लोरिन गेलं की आठ-दहा गप्पी सोडा, तेवढेच. पालिकावाले हौदात, विहिरीत टाकतात तेच हे. काटक असतात, अळ्या खातात, आणि त्यांचा थोडासा अमोनिया बॅक्टेरियांना सुरुवातीचं खाणं म्हणून पुरतो. त्यांना वेगळं खायला घालू नका. अमोनिया-नायट्राइटचं लिक्विडवालं टेस्ट किट घ्या, माशांपेक्षा महाग वाटेल पण घ्या. आठवड्यातून दोनदा बघायचं, आकडा वर गेला तर पाव भाग पाणी मुरलेल्या पाण्याने बदलायचं. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर शून्यच राहिले की मग बाकीच्यांना आणा.

किती आणि कुठले? एका गोल्डफिशला मी 150 लिटर धरतो, त्या हिशोबाने आमच्या तळ्यात फार तर 12 ते 14, आणि पहिल्यांदा चारच. लांबट शरीराचा साधा कॉमेट गोल्डफिश घ्या, ते गोलमटोल पोटवाले उघड्या तळ्यात टिकायला अवघड. मॉली, प्लॅटी, झेब्रा डॅनियो पण छान. कोई कितीही आवडला तरी छोट्या तळ्यात नको, तो दोन फुटांपर्यंत वाढतो. रोहू-कटला तर किलोकिलोचे होतात. चिलापी, सकर नकोच, आणि थाई मागूर आपल्या देशात पाळायलाच बंदी आहे.

क्रॉफर्ड मार्केटला जा नाहीतर जवळच्या दुकानात, टँकमध्ये एक जरी मासा मेलेला किंवा पांढरे ठिपके असलेला दिसला तर त्या टँकमधला मासा घेऊ नका. संध्याकाळी आणा, ऊन उतरल्यावर. आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात एअर पंप लावून ठेवता आलं तर फार चांगलं. तळ्यात सोडताना पिशवी बंदच 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग उघडून दर पाच मिनिटांनी थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घाला, आणि शेवटी जाळीने मासा उचलून सोडा. पिशवीतलं पाणी तळ्यात ओतायचं नाही, झाडांना घाला. पहिल्या दिवशी खाणं नाही. नंतर दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. घरात पाहुणी मुलं आली की प्रत्येकाला मासे भरवायचे असतात, तेव्हा डबा आत ठेवा.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडबंद करताना दिसले तर ते भुकेले नाहीत, ऑक्सिजन कमी पडतोय. रात्रभर झाडं पण ऑक्सिजन घेतात आणि गरम पाण्यात तो आधीच कमी विरघळतो. एअर पंप रात्री बंद करू नका, लाइट जाते तिथे बॅटरीवाला ठेवा.

पावसाची तयारी मासे सोडायच्या आधीच करा. तळ्याला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचा पाइप हवा आणि त्याला बारीक जाळी हवीच, नाहीतर जुलैच्या एका रात्रीत मासे गटारातून नाल्यात, नाल्यातून पुढे. गप्पी, गोल्डफिश हे आपल्या पाण्यातले नाहीत, बाहेर गेले तर इथल्या छोट्या माशांचं खाणं आणि जागा खातात, म्हणून जास्त झाले तरी नाल्यात किंवा तलावात सोडू नका, कोणाला तरी द्या. वरून पण जाळी ताणून बांधा, आमच्याकडे खंड्या आणि वंचक बगळा दोघांनी तळं बरोबर शोधलं, मांजर वेगळीच. घरात लहान मूल असेल तर जाळीऐवजी पक्की ग्रिल. गणपतीत कोणी म्हणेल की घरचंच तळं आहे, इथेच विसर्जन करू, तर त्यासाठी वेगळा टब घ्या, शाडूच्या गाळाने आणि रंगाने पाणी खराब होतं.

पहिले चार व्यवस्थित खातायत, किट शून्य दाखवतंय असं दोन-तीन आठवडे दिसलं की मग पुढचे तीन-चार आणायचे, आणि ते आल्यावर परत आठवडाभर रोज टेस्ट.